पाच सिटिंगचं रेडिएशन म्हणजे अर्धवट उपचार नव्हे

‘पूर्वी २५ दिवस रेडिएशन द्यायचे, आता पाच दिवसांत उरकतात. डोस निम्मा, त्वचा मात्र भाजते. सगळं मशीन लवकर मोकळं व्हावं म्हणून!’ स्तनाच्या कर्करोगाबद्दलचा हा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. तो वाचून सुरुवातीच्या टप्प्यातली एखादी बाई रेडिएशनच टाळेल, याची मला धास्ती वाटते.

डोस निम्मा? पूर्वी ५० ग्रे (डोस मोजायचं एकक) २५ सिटिंगमध्ये, म्हणजे दर वेळी २. आता २६ ग्रे पाचांत, म्हणजे दर वेळी ५.२. पेशींवरचा परिणाम नुसत्या बेरजेवर ठरत नाही, एका वेळी किती दिला त्यावरही ठरतो. म्हणून रोजचा डोस वाढला की एकूण कमी करावाच लागतो.

उरकतात? आधी १५ सिटिंग तपासल्या गेल्या. ब्रिटनच्या ‘स्टार्ट-बी’ चाचणीत दहा वर्षांनी त्या भागात आजार उलटण्याचं प्रमाण ४.३ टक्के होतं, २५ सिटिंगच्या गटात ५.५. मग पाच सिटिंगची १५शी तुलना करणाऱ्या ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीत ४,०९६ रुग्ण होते. पाच वर्षांनी आजार उलटण्याचं प्रमाण पाच सिटिंगमध्ये २६ ग्रेच्या गटात १.४ टक्के, १५ सिटिंगच्या गटात २.१. पाच सिटिंग सरस आहेत असं मी म्हणत नाही. त्या कमी पडत नाहीत, एवढं नक्की.

त्वचेच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण ते वेगळं. त्याच चाचणीत पाच सिटिंगमध्ये २७ ग्रेही देऊन पाहिले. एकच ग्रे जास्त, तरी पाच वर्षांनी स्तनात किंवा छातीवर मध्यम ते ठळक बदल १५.४ टक्के रुग्णांत दिसले. २६ ग्रेमध्ये ११.९, १५ सिटिंगमध्ये ९.९. म्हणून २६ ठरले. शिवाय त्वचेची लाली बहुतेकदा सिटिंग संपल्यावर, घरी गेल्यावर वाढते. ‘काहीतरी बिघडलं’ असं वाटून बाई घाबरते. हे आधीच सांगायला हवं, आणि फोन करायला नंबर द्यायला हवा. इथे आम्ही उपचार करणारे कमी पडलो तर दोष आमचाच.

मशीन मोकळं होतं, खरंय. त्यामुळे रांगेतल्या पुढच्या बाईचा नंबर लवकर लागतो, यात वाईट काय? तयारीत मात्र काटछाट चालत नाही. सीटी स्कॅन, त्वचेवरचे खुणेचे बारीक ठिपके, डाव्या बाजूला गाठ असेल तर हृदय लांब राहावं म्हणून श्वास रोखून धरण्याचा सराव, हे सगळं करावंच लागतं. पाचातली एक सिटिंग चुकली तर उपचाराचा पाचवा हिस्सा चुकतो, म्हणून रोज आधी जागा तपासायची आणि मगच किरण सोडायचे.

काखेतल्या ग्रंथींनाही रेडिएशन द्यायचं असेल किंवा स्तनाची पुनर्रचना झाली असेल, तर डॉक्टर १५ सिटिंग सुचवू शकतात. तुमच्यासाठी पाच की पंधरा आणि का, हे त्यांनाच विचारा.