नवा फुटबॉल गेम न खेळता त्याचा निकाल कसा लावावा

मागच्या रविवारी माझ्या हातून एक चूक झाली. येऊ घातलेल्या एका नव्या फुटबॉल गेमचा ट्रेलर पाहिला, बरा वाटला, आणि आमच्या जुन्या खेळगड्यांच्या ग्रुपवर लिहिलं, "चांगला दिसतोय. आला की दोन मॅच टाकू या का?" एवढंच. फोन बाजूला ठेवून झोपलो. सकाळी पाहतो तर २१२ मेसेज. एकात मी 'कंपनीचा दलाल' होतो, दुसऱ्यात 'पहिल्यापासून पेसवालाच' (पेस म्हणजे कोनामी कंपनीचा 'प्रो इव्होल्यूशन सॉकर', फिफा गेमचा जुना प्रतिस्पर्धी), तिसऱ्यात मला फुटबॉलमधलं काय कळतं अशी विचारणा होती. आणि पेस ६ पासून ज्याच्याबरोबर मी एकाच टीव्हीपुढे बसून खेळत आलो, एका धड आणि एका खिळखिळ्या कंट्रोलरवर, तो "इथे अक्कल नाही कोणाला" असं लिहून ग्रुप सोडून गेला होता.

गेम अजून आलेला नाही, बरं का.

दोन दिवस ते २१२ मेसेज मी परीक्षेआधी जुने पेपर सोडवावेत तसे वाचून काढले. आता मला हा विषय येतो. (गेमचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही लेख इथेच टाकून भांडायला जाल.) जे शिकलो ते तुमच्याही कामी यावं म्हणून देतो.

सगळ्यात आधी, गेम खेळू नका. खेळलेल्या माणसाचं मत बोथट होतं. तो म्हणायला लागतो, "पासिंग मस्त आहे, पण गोलकीपर जरा..." हे 'पण' तोंडात आलं की माणूस वादातून बाद. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, ही म्हण लोक उगाच टिंगलीसाठी वापरतात. तुरी बाजारात आहेत तोवरच मारामारीला रंग असतो. एकदा घरात आल्या की निवडत बसावं लागतं.

ट्रेलर मात्र बघा, आणि थांबवत थांबवत बघा. पहिला टच कसा बसतो, पासला वजन आहे का, बटण दाबल्यावर खेळाडू किती वेळाने हलतो, बचावपटू जागा सोडून भरकटतो का, यातलं काहीही ट्रेलरमध्ये कळत नाही. म्हणून तिकडे लक्षच देऊ नका. केस बघा. गवत बघा. प्रेक्षकांत एकच चेहरा दोनदा दिसतो का ते मोजा. आणि कुठल्याही खेळाडूचा चेहरा जरासा वाकडा दिसला की लगेच ईफुटबॉल २०२२ चं (पेसचाच नव्या नावाचा अवतार) नाव घ्या. ३० सप्टेंबर २०२१ रोजी कोनामीने तो गेम बाजारात सोडला आणि त्यातले मेणबत्तीसारखे वितळलेले चेहरे दिवसभरात जगभर फिरले. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात लोकांनी त्याला इतके वाईट शेरे दिले की तो तिथल्या सगळ्यात नावडत्या गेमच्या यादीत पहिल्या नंबरला जाऊन बसला. कंपनीला माफी मागावी लागली. हा दाखला कधीच जुना होत नाही. २०४० साली कोणी नवा फुटबॉल गेम काढला तरी चालेल.

'फिफा-किलर' (ईए कंपनीच्या फिफा गेमला संपवणारा) हा शब्द ट्रेलर आल्यापासून चोवीस तासांच्या आत वापरा. नंतर त्याच शब्दावरून टर उडवायची असते.

मग लायसन्स, म्हणजे संघांची-खेळाडूंची खरी नावं वापरायचा हक्क. हे ब्रह्मास्त्र. समोरचा गेमप्लेबद्दल काही बोलायला लागला की शांतपणे विचारा, "लायसन्स आहे का?" ईए एफसी २४ (फिफा गेमचं नवं नाव) आला तेव्हा कंपनीने १९,००० च्या वर खेळाडू, ७०० च्या वर संघ आणि ३० च्या वर लीग असल्याचं सांगितलं होतं. हा आकडा तोंडपाठ ठेवा. त्यांपैकी तुम्ही आयुष्यात चार संघ घेऊन खेळलात हा तुमचा खासगी मामला आहे. आणि एक गोष्ट चुकूनही कबूल करू नका: की आपण सगळे पेसमध्ये वर्षानुवर्षं लिव्हरपूलला 'मर्सीसाइड रेड' म्हणत खेळलो, चेल्सीला 'लंडन एफसी' म्हणत खेळलो, रॉबर्टो कार्लोस 'रॉबर्टो लार्कोस' होता तरी त्याची फ्रीकिक तितकीच जोरात जायची, आणि मास्टर लीगमधले कास्तोलो, मिनांदा, इवारोव ही पृथ्वीतलावर कधी न जन्मलेली माणसं आपल्याला काही सख्ख्या नातेवाइकांपेक्षा जास्त आठवतात. रात्र रात्र बसून आपण एडिट मोडमध्ये त्या संघांच्या जर्सी रंगवल्या. कोणी आपल्याला हाकललं नाही तिथून. पुढे २०१९ मध्ये युव्हेंटसचे हक्क कोनामीकडे गेले आणि फिफा २० मध्ये तो संघ 'पिएमॉन्ते काल्चो' झाला, तेव्हा काल लायसन्सचा झेंडा मिरवणारेच म्हणाले, "नावात काय आहे." ही कोलांटीउडी जमली पाहिजे. सराव करा.

हरलात की 'स्क्रिप्टिंग', म्हणजे निकाल गेमनेच आधी ठरवला होता, असं म्हणा. नाचता येईना अंगण वाकडं, असं कोणी म्हटलं तर त्याला ब्लॉक करा.

नावांच्या बाबतीत थोडा अभ्यास करावा लागेल, कारण मामला घटस्फोटाचा आहे आणि पाहुण्यांना अजून कळत नाहीये कोणाकडे जेवायला जायचं. १९९३ पासून नांदलेला ईए आणि फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा संसार मोडल्याची घोषणा मे २०२२ मध्ये झाली. फिफाचे अध्यक्ष इन्फान्तिनो तेव्हा म्हणाले की फिफाचं नाव असलेला गेमच खरा आणि तोच कायम सर्वोत्तम राहणार. मग २९ सप्टेंबर २०२३ रोजी ईए एफसी २४ आला, त्याच्या आधी जुने फिफा गेम ऑनलाइन दुकानांतून गुपचूप उचलले गेले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये फिफाने ई-स्पोर्ट्सचा वर्ल्ड कप भरवायला हात धरला तो कोणाचा? कोनामीच्या ईफुटबॉलचा! म्हणजे वीस वर्षं "फिफा भारी की पेस" म्हणत ज्यांनी मैत्र्या तोडल्या, त्यांच्या डोळ्यांदेखत फिफा पेसच्या घरी जाऊन बसली. आमच्या ग्रुपवर यावर एक मेसेज नाही. २१२ पैकी एकही नाही. मी दोनदा शोधला.

जुन्याचे गोडवे गाताना ब्राझीलच्या अॅड्रियानोचा उल्लेख हवाच. पेस ६ मधला, ज्याची शॉट पॉवर ९९ होती. बाकी काही आठवलं नाही तरी चालतं.

आता पैसा. इथे तत्त्वनिष्ठ असावं लागतं. "हे लोक लुटारू आहेत" हे वाक्य दिवसातून तीनदा, जेवणानंतरच्या गोळीसारखं. आधाराला इतिहास भरपूर आहे. फिफा ०९ मध्ये अल्टिमेट टीम नावाची गोष्ट आली. पाकीट विकत घ्या, आत कोणता खेळाडू निघेल ते नशीब. २०२१ च्या आर्थिक वर्षात ईएला आपल्या सगळ्या खेळांच्या गेममधल्या अल्टिमेट टीममधून १६२ कोटी डॉलर मिळाले. बेल्जियमने हा जुगार आहे असं ठरवल्यावर जानेवारी २०१९ च्या अखेरीस कंपनीला तिथे या पाकिटांसाठीचे पॉइंट विकणं बंद करावं लागलं. त्याच वर्षी ब्रिटनच्या संसदीय समितीपुढे कंपनीच्या अधिकाऱ्यांनी या पाकिटांना 'सरप्राइज मेकॅनिक्स' असं गोंडस नाव दिलं. हे सगळं बोलून दाखवा, आवाज चढवून बोला, आणि मग...

मग काय करायचं ते ग्रुप सोडून गेलेल्या आमच्या त्या मित्राकडून शिका. दर सप्टेंबरला तो लिहितो, "या वर्षी एक पैसा देणार नाही." पुढच्या आठवड्यात त्याच्या संघात असा स्ट्रायकर उगवतो जो फुकटात खेळून मार्चपर्यंत मिळत नाही. विचारलं तर म्हणतो पाकिटात निघाला. पाकीट कुठून आलं रे? आणि वर्ष संपलं की तो स्ट्रायकर, ते कार्ड, ते सगळं शून्य. नवा गेम, नवं पाकीट, परत पहिल्यापासून. हे त्याला माहीत नाही असं नाही. त्यानेच मला समजावून सांगितलं होतं, आकड्यांसकट, डोळे मोठे करून. बरं, तुझा पैसा, तू उडव. माझं काही म्हणणं नाही. पण मग एक जण येतो आणि म्हणतो की माझा गेम फुकट आहे, पैसे टाकून जिंकता येणार नाही, सगळ्यांना सारखी संधी. यूएफएल नावाच्या फुकट फुटबॉल गेमवाले नेमकं हेच सांगत आले होते. तर यावर याचं उत्तर काय? "फुकट आहे म्हणजे फालतूच असणार." अरे! पैसे घेतले तर लुटारू आणि नाही घेतले तर फालतू? त्यांनी करायचं तरी काय? तुझ्या घरी येऊन पाय दाबायचे? आणि फुकट गेमवाले पुढे जर्सी-बूट विकायला लागले, की हाच पहिला ओरडणार, "बघा, मी म्हटलं नव्हतं!" पगार तरी कुठून द्यावेत त्यांनी त्यांच्या लोकांचे? तुझ्या आशीर्वादातून?

असो. उपरोध करायचा होता. परत येतो.

निकाल पहिल्या आठवड्यात लावा. पहिल्या दिवशी सर्व्हर बसतो, तो बसलेला असतानाच "गेम मेला" लिहून मोकळं व्हायचं. नंतर सुधारला तर परत बघायला जायचं नसतं. मयताला जाऊन आल्यावर माणूस उठून बसला का हे बघायला कोणी परत जातं का? त्याच ईफुटबॉलची १.० आवृत्ती १४ एप्रिल २०२२ ला आली, मग एकामागून एक दुरुस्त्या होत गेल्या, आणि पुढे कोनामीने ७५ कोटींहून जास्त डाउनलोड झाल्याचं सांगितलं. पण त्यात मोबाइलवाले आहेत. आणि मोबाइलवर खेळणारी माणसं मोजायची नाहीत, हे तर तुम्हाला ठाऊक आहेच.

पुरे. मला हे सोंग आता पेलत नाही.

तुम्हाला प्रतिस्पर्धी हवा होता ना? दहा वर्षं रडताय की एकाच कंपनीची मक्तेदारी आहे, दर वर्षी तोच गेम रंग बदलून देतात. खरंच आहे ते. निन्टेन्डो स्विचवर तर 'लेगसी एडिशन' म्हणून वर्षानुवर्षं जुनाच गेम नव्या जर्सी घालून विकला गेला. पण हे बदलायचं कसं? पेस पुढे निघून गेला होता म्हणून फिफाला धावावं लागलं, आणि मग फिफा १० मध्ये ३६० अंशांत ड्रिबलिंग आलं. शिव्यांनी नाही आलं. लोक उठून दुसरा गेम खेळत होते म्हणून आलं. आणि आज कोणी नवा गेम काढतो म्हणाला, की तुम्ही त्याला दहा तास नाही, दहा मिनिटंही देत नाही. ट्रेलरमध्येच गाडता. मग सप्टेंबर आला की निमूटपणे प्रीऑर्डर करता आणि ऑक्टोबरमध्ये परत रडायला बसता.

आणि भांडता कोणाच्या वतीने? सप्टेंबर २०२५ मध्ये ईए ५,५०० कोटी डॉलरना विकण्याचा सौदा जाहीर झाला. घेणारे कोण? सौदीचा सरकारी गुंतवणूक निधी, सिल्व्हर लेक, अॅफिनिटी पार्टनर्स. त्यात तुमचं नाव होतं? तुम्हाला कोणी विचारलं? कोनामीने पेस हे नावच पुसून टाकलं तेव्हा फोन आला होता तुम्हाला? तुमच्या त्या कंपन्यांनी एकमेकींचे भागीदार पळवले, करार मोडले, नवे जोडले, आणि कोणी ग्रुप सोडून गेलं नाही. तुम्ही गेलात. वीस वर्षांच्या मित्राला दलाल म्हणून गेलात, तेसुद्धा एका अशा गेमसाठी जो तुम्ही पाहिलेला नाही, मी पाहिलेला नाही, आणि जो कदाचित भिकार निघेल. निघू दे की. भिकार गेम आपण कमी खेळलोय? फिफा १२ मध्ये दोन खेळाडू एकमेकांवर आदळून चक्क चुंबन घेत पडायचे आणि आपण खुर्चीवरून खाली पडेस्तोवर हसायचो. ती मॅच कोण जिंकलं होतं, आठवतंय?

मलाही नाही आठवत. आणि मीही साधू नाही. २१२ मधले एकोणीस मेसेज माझेच आहेत, त्यातला एक फार घाणेरडा आहे. तो मी काल पुसला, पण तोवर सगळ्यांनी वाचला होता.

ग्रुप सोडून गेलेल्या त्या मित्राला वेगळा मेसेज केलाय. गेमचा विषय काढला नाही. जुना पेस ६ शोधून ठेवलाय, खिळखिळा कंट्रोलर मी घेतो, तू मर्सीसाइड रेड घे, एवढंच लिहिलं. दोन निळ्या खुणा झाल्यात. मघापासून वर 'टायपिंग' दिसतंय, थांबतंय, परत दिसतंय. बराच वेळ झाला. एवढा वेळ लागतोय म्हणजे एक तर येतोय, नाहीतर लायसन्सबद्दल लिहितोय.