बाटली आडवी होईल, पण संध्याकाळी सातचं काय?

आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या एकच विषय पेटलाय. कोल्हापूरपासून पाऊण तासावर आमचं गाव, तिथल्या बायकांनी दारू दुकानाविरुद्ध सह्या गोळा करायला घेतल्यात. काका म्हणतात पिणारा पुढच्या गावाला जातंय, काकू म्हणते जाऊ दे की, दारातलं तरी बंद होऊ दे.

मी ग्लासगोत बसून हे वाचतोय आणि मी काकूच्या बाजूनं. 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान लागतं आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवी बाटली, म्हणजे बंदीचं चिन्ह, निवडली तरच दुकान बंद, म्हणजे त्या दिवशी रोजगार बुडवून बायका रांगेत उभ्या राहणार, गंमत नाही ही. आणि बंदी म्हणजे मागासपणा असं म्हणणाऱ्यांना सांगतो, स्कॉटलंडात दुकानातून दारू सकाळी दहा ते रात्री दहाच मिळते, 2018 पासून कमीत कमी किंमतसुद्धा कायद्यानं ठरवलीय. तरी लोक पिऊन मरतायतच, इंग्लंडपेक्षा जास्त प्रमाणात. दुकान हा अर्धा भाग झाला.

उरलेला अर्धा मी आमच्या दादाकडं बघून शिकलो. फौंड्रीत कामाला, रोजचं पिणं. आईनं अंबाबाईची शपथ घातली आणि गड्यानं एका दिवसात सोडली, सगळे खूश. तिसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्या चालल्यात म्हणून चादरीनं भिंत पुसत बसला, हात असे थरथरत होते की पाण्याचा तांब्या धरवेना. ॲडमिट करावं लागलं. वर्षानुवर्षं दारू मेंदूला दाबून ठेवते, मेंदू उलटा जोर लावायला शिकतो, आणि दारू एकदम काढली की तो जोर मोकाट सुटतो, फिट येते, माणूस जातोसुद्धा. म्हणून डॉक्टरच्या देखरेखीत सोडायची असते. आमच्याकडं मात्र 'मनावर घेतलं की सुटतंय'. त्याच्याआधी एकानं चहातून न सांगता द्यायची पुडी आणली होती, त्यात काय होतं देव जाणे. दारू सोडवायच्या काही गोळ्या अशा असतात की वर दारू प्यायली तर बीपी धाडकन खाली येतं. आईनं पुडी मोरीत ओतली, बरं केलं.

इथलं कौतुक करायला बसलो नाही हां. डिसेंबरात इथे पावणेचारला अंधार पडतो, आणि त्या अंधारात मी रोज बिअरचे दोन मोठे कॅन कधी लावून घेतले मलाच कळलं नाही. साध्या चेकअपला गेलो तर नर्सनं कागदावर हिशोब मांडला, रोजचे पाच युनिट (एक युनिट म्हणजे 10 मिली शुद्ध अल्कोहोल), आठवड्याचे 35, इथला सल्ला 14 च्या आत ठेवायचा. आवाज न चढवता विचारलं, संध्याकाळी दुसरं काय करता? मला उत्तर आलं नाही. दादाला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, त्याला सगळ्यांनी बेवडा म्हणून घेतलं आणि विषय मिटवला.

कोल्हापूरला नादाचं काय सांगायचं, कुस्तीचा नाद, फुटबॉलचा नाद, नाद खुळा म्हणून छाती फुगवणारे आपण. दादाचा घात सात वाजता व्हायचा, शिफ्ट सुटली, गेटवर दोस्त, पोटात भूक. आता साडेसहालाच डब्यातली भाकरी खातो, कारण उपाशीपोटी तलफ जास्त येते, मग गंगावेशीत धारोष्ण दुधाचा ग्लास, मग अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या गटाची, मीटिंग. गणपतीच्या मिरवणुकीत एकदा घसरला, परत प्यायला. वहिनी रडली, पण दुसऱ्या दिवशी तोच मीटिंगला जाऊन बोलला, आणि तिथे कुणी त्याला हाकललं नाही.

सह्या होतील, बाटली आडवीही होईल. मला ग्रुपवर फक्त एवढंच विचारायचंय की या गटारीला सात वाजता दादासोबत कोण बसणार आहे? काका, तुम्ही तर रिटायर झालाय.