पीडीएफ कसबा गणपतीपुढे कशी ठेवायची?

काका (नाव तुम्ही लिहिलं नाहीत, पण मे महिन्यात नातवाची मुंज आहे म्हणता, म्हणून काकाच म्हणते),

तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, तेव्हा 'अभिप्रायाबद्दल आभार' म्हणून सुटका करून घेणं बरं दिसणार नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. बारसं, मुंज, साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन अशा घरच्या कार्यांच्या पत्रिका जरा वेगळ्या कशा करता येतील, यावर मी मागे लिहिलं होतं. काकांचं म्हणणं असं, की व्हॉट्सअ‍ॅप असताना कागद छापणं हा निव्वळ अपव्यय. हातकागद, बियांचा कागद, आजीच्या फोटोचं टपाल तिकीट ही सगळी इंटरनेटवरून उचललेली थेरं, 'पुण्यातल्या मध्यमवर्गाला हे कधीपासून लागायला लागलं?' वर मी जुन्या मजकुराची मोडतोड करते. आणि हे सगळं कशासाठी, तर स्वतःचा धंदा चालावा म्हणून.

धंद्याचं आधी उरकते. पत्रिकांच्या डिझाइनवर माझं घर चालतं, हे मी कधी लपवलेलं नाही. पण 'कमी छापा, साधं छापा' हे त्या लेखात मी इतक्यांदा लिहिलंय, की माझ्या नवऱ्याने तो वाचून 'आता गिऱ्हाईक कशाला येईल?' असं विचारलं होतं.

आता अपव्यय. लग्न झालेल्या कुठल्याही घराच्या माळ्यावर उरलेल्या पत्रिकांचा एक गठ्ठा असतो. आपण त्याला हौस म्हणतो, पण त्याचं खरं कारण प्रेसच्या हिशेबात आहे. ऑफसेटवर छापायचं म्हणजे प्लेट करायची, ती मशीनवर चढवायची, शाई जुळवायची आणि रंग बसेपर्यंत काही ताव वाया घालवायचे. शंभर पत्रिका छापा नाहीतर हजार, हा खर्च तेवढाच. म्हणून प्रेसवाला म्हणतो, "तीनशे काय आणि पाचशे काय, फार फरक नाही पडत हो." आपणही म्हणतो, बरं मग पाचशेच टाका. वरच्या दोनशे माळ्यावर जातात त्या इथूनच. डिजिटल छपाईत प्लेटच नसते. साठ हव्यात तर साठच निघतात. एक पत्रिका ऑफसेटपेक्षा महाग पडते, पण साठ पत्रिकांचं एकूण बिल पाचशे पत्रिकांच्या बिलापेक्षा सहसा कमीच येतं. तेव्हा 'छापू नका' म्हणण्याआधी 'मोजून छापा' म्हणा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

आणि खरा कचरा कागदाचा नसतो, वरच्या चकाकीचा असतो. घरात एखादी गुळगुळीत, चकचकीत पत्रिका पडली असेल तर तिचा कोपरा हळूच फाडून बघा. कागद फाटल्यावरही वर एक पातळ पापुद्रा ताणला जाऊन लोंबत राहिला, तर ते प्लास्टिकचं लॅमिनेशन. अशा पत्रिकेचा धड लगदा होत नाही, कारण प्लास्टिक कागदापासून सहजी सुटत नाही. पुण्यात 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ पासून आहे. तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताई अनेक सोसायट्यांत दारावर कचरा घ्यायला येतात. लग्नसराईतल्या पत्रिकांपैकी विकायला काय जातं आणि कचऱ्यात काय जातं, ते त्यांना विचारा. साधा, पापुद्रा नसलेला कागद रद्दीत चालतो. सोनेरी हवंच असेल तर फक्त गणपतीपुरतं आणि नावांपुरतं फॉइल मारा. सबंध पत्रिका मढवायची गरज नाही.

व्हॉट्सअ‍ॅपशी माझं वैर नाही. ऑफिसातले, सोसायटीतले, मुलांच्या शाळेतले, त्यांना पीडीएफ पाठवा. तारीख, वेळ, कार्यालयाचा नकाशा सगळं पोचतं. पण पुण्यात अजूनही कितीतरी घरांत पहिली पत्रिका कसबा गणपतीला, पुण्याच्या ग्रामदैवताला, जाते. तिथे काय गाभाऱ्यासमोर मोबाइल धरून उभं राहणार? थट्टा सोडा. ज्या घरी आपण जातीने जाऊन, हळदीकुंकू लावून, अक्षता ठेवून 'यायचं बरं का' म्हणतो, त्या घरासाठी हातात द्यायला काहीतरी लागतं. अशी घरं साधारण माणसाची चाळीस-पन्नास असतात. तेवढीच छापा.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी भांडणार. हातकागद हे परदेशी थेर? अहो, कसबा पेठेत कागदीपुरा आहे. हाताने कागद करणाऱ्या कारागिरांच्या वस्तीवरून पडलेलं नाव आहे ते. आणि शिवाजीनगरला, के. बी. जोशी पथावर, हातकागद संस्था १९४० पासून आहे, स्वदेशीच्या चळवळीतून उभी राहिलेली. तिथला कागद झाड तोडून होत नाही. होजिअरीच्या कारखान्यांत कापून उरलेल्या सुती चिंध्यांचा होतो. चिंध्या बारीक कापायच्या, बीटरमध्ये पाण्याबरोबर दळून लगदा करायचा, जाळीच्या चौकटीवर तो एकसारखा घ्यायचा, पाणी गाळायचं, ओला ताव कापडावर उलटायचा, थप्पी दाबून उरलंसुरलं पाणी काढायचं आणि मग ताव वाळवायचे. त्या कागदाची न कापलेली कड बोटाने चाचपलीत तर पिसासारखी विरत गेलेली लागते. माझ्या ओळखीचे काही प्रेसवाले ती कड कटरवर सरळ करून टाकतात आणि वर 'ताई, फिनिशिंग केलंय' म्हणून सांगतात. ती वाचवायची असेल तर ऑर्डर देतानाच दोनदा बजावा. हा कागद शाई जास्त पितो, त्यामुळे बारीक अक्षरं फुगतात. ठसठशीत अक्षर, एक रंग, आणि शक्यतो स्क्रीन प्रिंटिंग. एवढं पाळलंत तर तो कुठल्याही आयात कागदाच्या तोंडात मारेल.

बियांच्या कागदाबद्दल निम्मं तुमचं खरं आहे. हल्ली जे मिळतं त्यातलं बरंचसं नाटकच आहे. बी जिवंत राहायचं तर कागद गरम रुळांखाली दाबता येत नाही, त्यावर लॅमिनेशन चालत नाही, बी फार जाड असून भागत नाही आणि पत्रिका कोरड्या जागी ठेवून लवकर पेरावी लागते. तुळस, राजगिरा, झेंडू असलं काही असेल आणि पत्रिका साध्या शाईने छापलेली असेल, तर उगवण्याची आशा. बियांच्या कागदावर सोनेरी फॉइल मारून द्या म्हणणाऱ्यांना मी नाहीच म्हणते. एक तर कागद खडबडीत, त्यावर फॉइल नीट बसत नाही. आणि बसलंच तरी कुंडीत पेरायचं काय, तर सोनेरी गणपती?

राहिलं टपाल तिकीट. ते थेर असेल तर सरकारी थेर आहे. 'माय स्टॅम्प' ही टपाल खात्याचीच योजना, २०११ साली दिल्लीच्या जागतिक टपाल तिकीट प्रदर्शनात सुरू झाली. एका तावात बारा तिकिटं यायची. पंच्याहत्तरी झालेल्या आजीचा फोटो छापील तिकिटाशेजारी येतो आणि ते पाकीट टपालाने रीतसर जातं. बारा नातेवाईक बाहेरगावी असतील तर एवढी मौज कुणाला जड होणार नाही. पूर्वी बुक पोस्टाने (छापील मजकुरासाठीच्या स्वस्त टपालाने) पत्रिका जायच्या तेव्हा पाकीट चिकटवायचं नाही, नुसता फ्लॅप आत खोचायचा, हे तुमच्या पिढीने आम्हाला शिकवलंय. तिकिटालाच नावं ठेवायला लागलात होय?

आता मजकूर. इथेच तुम्ही सर्वांत जास्त चिडला आहात आणि माझंही सर्वांत जास्त लक्ष इथेच असतं. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' काढून टाका असं मी कुठेही लिहिलेलं नाही. ते वाक्य मला आवडतं. त्याला एक ठेका आहे. मी लिहिलं होतं ते असं, की सगळा मजकूर जुन्या पत्रिकेवरून जसाच्या तसा उतरवून नुसती नावं बदलू नका. उतरवलेल्या मजकुरात काय होतं पाहा. मुंजीच्या पत्रिकेत आजोबांचं नाव ठळक, वडिलांचं त्याखाली, आणि बटूची आई नुसती 'सौ. व श्री.' मधली 'सौ.'. राज्य सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर नावानंतर आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं, असा नियम केला. सरकारला जे जमलं ते आपल्या घरच्या पत्रिकेला का जमू नये? आजोबांचं नाव काढा असं कोण म्हणतंय? जागा आहे की.

आणि 'आमच्या दादाच्या मुंजीला यायचं हं' ही चिमुकल्यांची किलबिल खुशाल राहू द्या. माझ्या काही मैत्रिणींना ती गावंढळ वाटते. मला नाही वाटत. त्या कोपऱ्यातलं आपलं नाव शोधताना पोरं जी खूश होतात, त्यापुढे डिझाइनरची अभिरुची गेली खड्ड्यात.

वेगळेपण म्हणजे मला काय म्हणायचंय, याचं एक उदाहरण देते. एका आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाची पत्रिका केली. घरच्यांना आधी डबा हवा होता, आत बदाम-काजू, वर चंद्राची लेझरने कापलेली जाळी. नातीने सहज विचारलं, आजी आयुष्यभर कुठे कुठे राहिली? आजींनी वहीच्या पानावर पेन्सिलीने घरांची यादी लिहून दिली. नारायण पेठेतला वाडा, पुढे कंसात 'पानशेतच्या पुरात गेला'. मग काही महिने मावशीकडे. मग पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या गोखलेनगरात. लग्नानंतर सासरचा वाडा, दोन खोल्या, संडास खाली. मग कोथरूड, 'गॅलरीतून टेकडी दिसायची, आता दिसत नाही'. ते पान आम्ही त्यांच्याच अक्षरात, आहे तसं छापलं. साधा पांढरा कागद, काळी शाई, एक घडी. मागच्या बाजूला एक ओळ टाकली: पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी २९.५३ दिवस, म्हणजे हजार पौर्णिमांना साधारण ८० वर्षं १० महिने. 'पत्रिकेवर गणित कशाला?' असं तुम्ही विचारलंत, तर ते टाकलं याचसाठी. कारण निम्मे पाहुणे 'एक्याऐंशीलाच का हो?' असं विचारतात. कार्याच्या दिवशी तो वाडा नेमका कोणत्या बोळात होता यावरून दोन वृद्ध गृहस्थांचं जे जुंपलं, ते मठ्ठा येईपर्यंत मिटलं नव्हतं. डब्याच्या मानाने या पत्रिकेला खर्च नगण्य आला. मला मिळालेही तेवढेच कमी, हे धंद्याच्या आरोपाबद्दल जाता जाता.

ही मोडतोड असेल तर असू दे. पण हे करायचं तर घरच्या माणसाने चार दिवस आधी बसून विचारपूस करायला हवी, आणि नेमकं तेच कुणाला नको असतं. डबा निवडणं सोपं. कॅटलॉगवर बोट ठेवलं की झालं.

मजकुराचंच आणखी एक, आणि हे तुम्हाला उपयोगी पडेल. हल्ली मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमध्ये जातो आणि बऱ्याच प्रेसमध्ये तो अजूनही जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात, नाहीतर ऑपरेटर नव्याने टाइप करतो. घोटाळा तिथे होतो. वऱ्हाडपांडे यांचं वर्हाडपांडे होतं, गोऱ्हे यांचं गोर्हे होतं. आपल्या मराठी 'ऱ्ह'ची ती अर्धी मिशी कुठेतरी गळून जाते आणि वर रफार चढून बसतो. 'कै.' चुकून हयात माणसाच्या नावामागे लागलेलाही मी प्रूफमध्ये पाहिला आहे. तिथे नुसत्या फोनने निभावलं, कारण छपाई झालेली नव्हती. प्रूफ मोबाइलच्या पडद्यावर तपासू नका. कागदावर काढून घ्या आणि घराबाहेरच्या एका माणसाला वाचायला द्या. घरचे लोक नाव वाचत नाहीत, ओळखतात.

तर तुमच्या नातवाची मुंज. साठ पत्रिका धरा, डिजिटल, लॅमिनेशन न केलेला जाड कागद, अडीचशे जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागदाच्या वजनाच्या मापाच्या) आसपास, एक घडी. आकार ठरवण्याआधी अप्पा बळवंत चौकात जाऊन तयार पाकिटं कोणत्या मापाची मिळतात ते बघा. पाकीट वेगळं करून घेणं पत्रिकेपेक्षाही महाग पडू शकतं, हे बहुतेकांना छापून झाल्यावर कळतं. आत बटूकडून त्याच्या अक्षरात एक ओळ लिहून घ्या, काय लिहायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या. आणि एप्रिल-मेमध्ये प्रेसवाले लग्नांच्या कामात बुडालेले असतात, तेव्हा मजकूर पाडव्याच्या आत पक्का करा. प्रूफ बघून द्यायला मी आहे. त्याचे पैसे घेत नाही.