पळालेला मुलगा

सरांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात बसलो होतो. नाव दिसल्याबरोबर उठून उभा राहिलो. "यंदा जुन्या शिबिरार्थींनी मदतीला यायचं ठरलंय. दहा दिवस. रविवारी संध्याकाळपर्यंत साताऱ्यात पोच," सर म्हणाले. विचारणा अशी त्यात कुठे नव्हतीच. मी "हो सर" म्हणून खाली बसलो आणि रजेच्या अर्जात 'गावची जत्रा' असं कारण लिहिलं. २६ वर्षांचा माणूस उन्हाळी शिबिराला निघालाय, हे मॅनेजरला समजावून सांगण्यापेक्षा ग्रामदैवत सोपं पडतं.

लहानपणी सलग तीन मे महिने मी त्या शिबिरात काढले. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याची शाळा, बाकं भिंतीला सारून वर्गात अंथरलेल्या सतरंज्या, आणि पहाटे साडेपाचची शिट्टी. तेव्हा आम्हाला दादा लोकांविषयी काही ठाम माहिती होती. दादा झोपत नाहीत. दादांना भूक लागत नाही. दादांना अंधारातलं दिसतं. यंदा मला कळलं की साडेपाचला शिट्टी वाजवायची तर पाचला उठावं लागतं, आणि ती शिट्टी आदल्या दिवशी कुणी वाजवली होती हा विचार करायचा नसतो.

आम्ही चौघं जुने होतो. एक सीए होणारा, एक दातांचा डॉक्टर, एक वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात, आणि मी. मुलं ४८. हा आकडा माझ्या कपाळावर गोंदला तरी चालेल, कारण दहा दिवस मी दुसरं काही केलंच नाही. उठल्यावर मोजा, अंघोळीनंतर मोजा, जेवायच्या आधी श्लोक चालू असताना मोजा. ४७ भरले की पोटात गोळा येतो हे ठीक. पण एकदा ४९ भरले. ४९ आल्यावर काय करायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. तीनदा मोजलं, तीनदा ४९. शेवटी कळलं, शाळेच्या शिपाईकाकांचा मुलगा शेंगदाण्याचा लाडू मिळतोय म्हणून शांतपणे रांगेत उभा होता. त्याला लाडू दिला. माझे जे केस त्या पाच मिनिटांत गेले ते गेले.

दुसरा छळ म्हणजे सापडलेल्या वस्तूंची पेटी. बनियनच्या मागे आईने मार्करने ठसठशीत नाव लिहिलेलं असतं. त्या नावाच्या मुलासमोर ते बनियन धरावं, तर तो चेहऱ्यावरची माशी न हलवता म्हणतो, "माझं नाय, दादा." या नावाचा शिबिरात तू एकटाच आहेस म्हटलं तर, "मग असंल दुसऱ्या कुणाचं."

तिसऱ्या दिवशी गडावर चढाई. अजिंक्यतारा समुद्रसपाटीपासून ३,३०० फूट, असं मी पायथ्याशी दमदार आवाजात सांगितलं. त्यातले २,४०० फूट सातारा शहरानेच आपल्याला आधी चढून दिलेले असतात, हे सांगितलं नाही. तरीही निम्म्या वाटेवर मला छातीचे ठोके कानात ऐकू यायला लागले. मुलांना वाटलं दादा मागे राहून आमच्यावर लक्ष ठेवतायत. वरून साताऱ्यातले नेहमीचे आजोबा लोक कॅनव्हासचे बूट घालून गप्पा मारत उतरत होते. त्यातल्या एकांनी मला बघून "सावकाश, बाळ" म्हटलं.

दरवाज्यात बसून मी इतिहास सांगितला. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबाने वेढा घातला, प्रयागजी प्रभू किल्लेदार, कित्येक महिने गड हाती लागेना. मग मोगलांनी सुरुंग पेरले, आणि एका स्फोटात तटाचे दगड त्यांच्याच सैन्यावर कोसळले. इथे माझा आवाज छान चढला होता. तेवढ्यात एका चष्मेवाल्या मुलाने हात वर केला. "दादा, सुरुंग लावल्यावर लांब जायचं असतं हे त्यांना म्हाईत नव्हतं का?" मी त्याला करवंदं खायला पाठवलं. मे महिन्यात साताऱ्याच्या डोंगरावर अडचणीच्या प्रश्नांना करवंदाची जाळी फार उपयोगी पडते.

पण हे सगळं चढाईच्या दिवसाचं झालं. खरी गोष्ट आदल्या रात्रीची.

शिबिराची दुसरी रात्र वाईट असते. पहिल्या रात्री दंगा असतो, तिसऱ्या रात्री दमणूक. दुसऱ्या रात्री आई आठवते. त्यावर सरांचा जुना उपाय म्हणजे 'पळालेल्या मुलाची गोष्ट'. एक मुलगा दुसऱ्या रात्री पिशवी घेऊन पळाला. अंधारातून पोवई नाक्यापर्यंत गेला. वाटेत मागून कुणीतरी चालत होतं, वळून पाहिलं की थांबत होतं. पहाटे दुधाच्या गाडीवाल्याने त्याला परत आणून सोडलं. त्यानंतर तीन दिवस त्याला बोलता येईना.

"यंदा गोष्ट तू सांग. तुझा आवाज बरा आहे," सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. तो मुलगा मी होतो, हे सरांना माहीत आहे की नाही हे मला आजतागायत समजलेलं नाही.

घडलं होतं ते असं. मी पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेलो. फाटकाला कुलूप होतं. फाटकाशी एक कुत्रं बसलं होतं, ते भुंकलंसुद्धा नाही, नुसतं बघत राहिलं. मी तिथेच बसून रडलो. चार वाजता चूल पेटवायला उठलेल्या मावशींनी मला आत नेऊन दूध-भाकरी दिली. एकूण अंतर, साठ पावलं. १६ वर्षांत त्याचा पोवई नाका झाला होता.

गोष्ट मी झकास सांगितली. पाठलाग करणाऱ्याला मी खोकलाही दिला. मुलं चिडीचूप. फक्त चष्मेवाला म्हणाला, "नाक्यापर्यंत किती वेळ लागला त्याला? आणि कुठल्या बाजूनं गेला?" मी कौतुकाने सगळं नीट सांगितलं. डावीकडे वळायचं, मग उताराने सरळ. गोष्टीत बारकावे हवेत, असं माझं मत होतं.

रात्री पहारा माझा. दादा झोपत नाहीत, म्हणून मी खुर्चीत बसून झोपलो. खांद्याला धक्का बसला तेव्हा मावशी उभ्या होत्या. "उठ रं, पहारेकरी! तुझं एक आलंय बघ माझ्याकडं."

चुलीशी चष्मेवाला दूध-भाकरी कुस्करत बसला होता. शेजारी भरलेली पिशवी. मला बघून तो जराही दचकला नाही.

"दादा, फाटकाला कुलूप आहे की. गोष्टीत नव्हतं."

"होतं की," मावशी तवा उतरवत म्हणाल्या, "तवाबी होतं. ह्याला इचार."

मी आदल्या दिवशी त्यांच्यासाठी अर्धा किलो कंदी पेढे आणले होते. त्याचा काही उपयोग झाला नाही. मावशींनी सगळं सांगितलं, साठ पावलांसकट. मी रडताना नाकाला काय झालं होतं तेही सांगितलं. पोरगं हसून हसून ठसकलं, मग पिशवी उचलून स्वतःच सतरंजीकडे गेलं. घरी जायचं त्याने पुन्हा नाव काढलं नाही. शिबिरात आता त्याला फारच मजा येणार होती.

साडेपाचला मी शिट्टी वाजवली. एरवी कण्हणं ऐकू येतं. त्या दिवशी वर्गातून आधी एकाने, मग सगळ्यांनी हळू आवाजात "भू... भू..." केलं. सर व्हरांड्यात उभे होते. त्यांनी उपरणं तोंडाला लावलं आणि ते खोकले की हसले, कळलं नाही.

तासाभराने गडाच्या वाटेला लागताना मी फाटकात उभा राहून मोजत होतो. मुलं दोन-दोनच्या जोडीने बाहेर पडत होती, आणि प्रत्येक जोडी माझ्यापाशी आली की कुलपाकडे बोट दाखवत होती. ४८ भरले. त्यांच्यामागून शेपटी हलवत एक कुत्रं निघालं. जुन्याच्या खानदानातलं असावं. तेही भुंकलं नाही, नुसतं माझ्याकडे बघत बघत गेलं.