वाढत्या अंगाचा पिंजरा

काल संध्याकाळी पुण्यातील एका दुकानात मला चारचौघांसमोर चिक्कू ठरवण्यात आले. ठरवणारे गृहस्थ दुकानाचे मालक नव्हते की माझे नातेवाईकही नव्हते. ते माशांचे खाद्य घ्यायला आले होते, आणि खाद्याची पुडी हाती पडल्यावरही तेथून हलले नाहीत.

आमच्याकडे नुकतेच मिनिएचर डॅशहाउंड या बुटक्या, लहान चणीच्या जातीचे पिल्लू आले आहे. वय दोन महिने, वजन जेमतेम दीड किलो. त्याच्यासाठी क्रेट, म्हणजे घरात झोपायचा जाळीचा पिंजरा, हवा होता. क्रेटचे माप तसे सरळ असते : कुत्र्याला आत मान न वाकवता उभे राहता यावे, वळता यावे आणि अंग पसरून झोपता यावे. त्याहून ऐसपैस घेतला, तर पिल्लू एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्या कोपऱ्यात लघवी उरकते, कारण आपली झोपायची जागा घाण न करण्याची त्याची जी उपजत वृत्ती असते, तिच्यावरच लघवीची शिस्त लावण्याच्या या साऱ्या शिकवणीची मदार असते. म्हणून मी पूर्ण वाढीला पुरेल असा 24 इंची तारेचा क्रेट आणि आतली जागा तूर्त आखूड करणारे पार्टिशन मागितले, आणि तारांमधील फटी बोटांनी तपासू लागलो. इतक्या लहान पिल्लाचे डोके फटीत शिरले की ते बाहेर काढणे अवघड होऊन बसते.

"एवढासा? अहो, कुत्रं पाळताय की उंदीर?" गृहस्थ म्हणाले.

मी नियम सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला नाही, कारण त्यांचे आयुष्य रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेले होते. गार्डाच्या डब्यात कुत्र्यासाठी पेटी असते, लहान पिल्लू टोपलीत घालून पैसे भरले की कोणत्याही वर्गाच्या डब्यातून नेता येते, मोठे कुत्रे सोबत हवे असेल तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, हे सारे त्यांनी मला तपशीलवार सांगितले. माहिती अचूक होती. मला मात्र कोठेही जायचे नव्हते.

"पिल्लू कुठाय?"

"घरी. लसीकरण पूर्ण व्हायचं आहे, म्हणून बाहेर आणलं नाही."

"म्हणजे कुत्र्याशिवाय कुत्र्याचं माप घ्यायला आलात!" हे वाक्य त्यांनी माझ्याकडे न पाहता इतर गिऱ्हाइकांकडे पाहून म्हटले. मग दुकानातल्या पोऱ्याला हाक मारून त्यांनी फळीवरून श्वानखाद्याची एक पिशवी उतरवून घेतली, ती 36 इंची क्रेटमध्ये मधोमध आडवी ठेवली आणि दोन पावले मागे सरून तिच्याकडे कौतुकाने पाहिले. "बघा, कसं मोकळं वाटतंय त्याला!" त्यानंतर तीच पिशवी 24 इंची क्रेटमध्ये, अगदी जाळीला भिडवून, कोंबली गेली. "आता सांगा, जीव घुसमटतोय की नाही?" मांजराची वाळू घ्यायला आलेल्या एका बाईंनी खरोखरच हळहळून मान हलवली. पिशवीला लघवी लागत नाही, हा माझा मुद्दा कोणाच्याही कानापर्यंत पोहोचला नाही. मुलाला शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यावा, बाह्या दुमडाव्यात आणि तीन वर्षे चालवावा, या संस्कारात वाढलेल्या समाजापुढे मापाचे काही मागणे म्हणजे हात आखडता घेणेच ठरते.

मालकाने या वादात पडायचे टाळले, कारण गृहस्थ त्याचाच धंदा करीत होते. पार्टिशनविषयी विचारले तेव्हा "ते वेगळं येतं, सध्या माल नाही" असे उत्तर मिळाले. क्रेटच्या खोक्यावर पार्टिशनचे ठसठशीत चित्र होते. मी चित्रावर बोट ठेवले. "चित्र कंपनीचं आहे" असे सांगण्यात आले. मीडियम आणि लार्ज ही अक्षरेही प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने छापते, त्यामुळे इंचपट्टी न घेता दुकानात शिरणारा माणूस फसतोच, आणि इंचपट्टी घेऊन शिरणाऱ्याला असली बोलणी ऐकून घ्यावी लागतात.

एवढी सगळी मापे निघत असताना गल्ल्यामागच्या काचेच्या पेटीत चार पिल्ले एकमेकांच्या अंगावर पडून होती. त्यांचे वय पाच आठवड्यांच्या पुढे असावे असे मला वाटले नाही. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकू नये, असे 2017 चे केंद्र सरकारचे नियम सांगतात. मी मालकाला वय विचारले, तेव्हा त्याला फोन आला. पिशवीच्या मोकळेपणाची काळजी वाहणाऱ्या गृहस्थांनी त्या पेटीवर स्वतःची पुडी ठेवली होती. बोलायला हवे होते ते तेथे, पण गर्दीचे मत एव्हाना माझ्याविरुद्ध पक्के झाले होते.

शेवटी मी 24 इंचीच घेतला. पार्टिशन आता सुताराकडून करवून घेईन. बिलात मात्र एक रक्कम जास्तीची दिसली. कोंबाकोंबीत ती पिशवी जाळीच्या कडीला अडकून फाटली होती आणि "तुमच्याच मापासाठी काढली होती ना" म्हणून ती माझ्या नावावर पडली. पिशवीवर लिहिले होते, 'मोठ्या जातीच्या प्रौढ श्वानांसाठी'.

"घेऊन ठेवा," गृहस्थ दारातून म्हणाले, "वाढतं अंग आहे त्याचं."