क्लिनर गेला, तर डावीकडे कोण बघणार?

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या माल वाहतूकदारांनी संप केला. राग मुख्यतः ई-चलनांचा होता, पण आणखी एक मागणी होती: जड वाहनांवरची क्लिनरची सक्ती उठवा. पुढे सरकारनेही चालकाला मदत करणारी यंत्रणा बसवलेल्या गाड्यांना सूट देण्याची वाट धरली. मालकांची अडचण खरी आहे. क्लिनर मिळत नाही, मिळाला तरी टिकत नाही. इथे लंडनमध्ये ट्रकवर बहुधा चालक एकटाच असतो, हेही खरं. पण डावीकडे बघणारा दुसरा माणूस नाही म्हणून इथे काय काय सक्तीचं केलं गेलं, ते आपल्या वादात फारसं येत नाही.

ब्रिटनमध्येही वाहनं डावीकडून चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं. म्हणून दोन्हीकडे घातकी वळण एकच, डावं. डावं दार चालकापासून लांब, त्याची काच उंचावर. दाराला खेटून उभी असलेली स्कूटर काचेच्या खालीच राहते. त्यात आपल्याकडे काचेवर गोंडे, स्टिकर, पडदा. क्लिनर दारातून बाहेर वाकून पत्रा थोपटतो तो याचसाठी.

शिवाय मागची चाकं आत कापतात. दोन आसांमध्ये ६ मीटर अंतर असलेला ट्रक पुढचं चाक १० मीटर त्रिज्येवर ठेवून गोल फिरवला, तर मागचं चाक ८ मीटरवरून जातं. चौकातल्या काटकोनात फरक थोडा कमी पडतो, लांब ट्रेलरला बराच जास्त. केबिन कोपऱ्यापासून लांबून गेली म्हणून निर्धास्त झालेला दुचाकीस्वार याच पट्ट्यात सापडतो.

हे टाळायला बरेच चालक आधी उजवीकडे झोका घेतात. तीच मोठी चूक. डावीकडे तीन फूट जागा उघडली की पुण्या-ठाण्यात दुचाकी आत शिरणारच. त्याऐवजी कडेला धरून राहावं, नेहमीपेक्षा थोडं पुढे सरळ जावं आणि मग स्टिअरिंग फिरवावं. जास्तीची रुंदी लागली तर ती नव्या रस्त्यावर, समोरून कोणी येत नसेल तेव्हाच घ्यावी. सिग्नल हिरवा झाला की लगेच क्लच सोडू नये. आधी बंपरपुढची जागा दाखवणारा आरसा, मग डाव्या दारावरचा खाली बघणारा, मग बहिर्गोल, शेवटी मुख्य. वळता वळता पुन्हा डावीकडे बघावं. ट्रेलर असेल तर केबिन वळल्यावर डाव्या आरशात ट्रेलरचा पत्राच भरतो. आरशातून नाहीसा झालेला स्वार पुढे गेला असं कधीही धरू नये. तो पुढे निघालेला दिसेपर्यंत थांबावं.

वेग माणसाच्या चालीपेक्षा फार नको. १० ऐवजी २० किलोमीटर वेगाने तेच वळण घेतलं, तर गाडीला बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. काँक्रीट भरलेल्या मिक्सर ट्रकचा भार उंचावर असतो आणि ड्रम फिरत असल्याने एका बाजूला झुकलेलाही. जानेवारी २०२५ मध्ये हिंजवडीजवळ वळणावर मिक्सर उलटला आणि दुचाकीवरच्या दोन तरुणी त्याखाली गेल्या. तिथे आरसा कामाला येत नाही.

लंडनमध्ये १२ टनांवरच्या ट्रकला परवाना लागतो. केबिनच्या काचांतून, म्हणजे आरसा-कॅमेऱ्याशिवाय, चालकाला किती दिसतं यावर ट्रकला शून्य ते पाच तारे मिळतात. २८ ऑक्टोबर २०२४ पासून तीनपेक्षा कमी तारे असतील तर डाव्या बाजूचा कॅमेरा, सेन्सर, बाहेरच्यांना सावध करणारा आवाज आणि दोन्ही बाजूंना आडवे गार्ड बसवावे लागतात. विनापरवाना ट्रक आणला तर ५५० पौंड दंड. सेन्सरबाबतची एक अट मला सगळ्यात मोलाची वाटते: खांब, कठडा किंवा उभी गाडी दिसली म्हणून त्याने इशारा द्यायचा नाही. माणूस आणि सायकल ओळखता आली पाहिजे. आपल्या बाजारपेठेत साधा सेन्सर लावला तर तो दिवसभर वाजेल, आणि आठवड्याभरात चालक त्याची वायर काढून टाकेल. त्याला दोष देता येणार नाही.

म्हणून सूट द्यायची तर नुसतं 'यंत्रणा बसवली' हे पुरेसं धरू नये. डाव्या दाराच्या खालच्या भागात काच, ओळखणारा सेन्सर आणि स्क्रीन आरशाच्या रेषेत हवी. डॅशबोर्डच्या तळाशी लावली तर वळताना नजर रस्त्यावरून हटते. पासिंगच्या वेळी निरीक्षकाने स्वतः चालकाच्या सीटवर बसावं. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. बाहेर एकाने स्कूटर तीन ठिकाणी उभी करावी: बंपरपुढे एक मीटर, डाव्या दारापासून एक मीटर आणि मागच्या चाकाजवळ. सीटवरून न उठता तिन्ही ठिकाणी ती दिसली नाही, तर त्या गाडीवर क्लिनर असलाच पाहिजे.