छान, छान, लिहीत राहा!

आत्ताच वाचनकट्ट्यावरून आले आणि पर्सही खाली न ठेवता हे लिहायला बसलेय. राग आलाय, आधीच सांगते.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलाने आज त्याची पहिली विज्ञानकथा वाचली. मंगळावर काम करणारा मुलगा रोज संध्याकाळी सातला साताऱ्यातल्या आईशी फोनवर बोलतो, एवढीच गोष्ट. वाचताना पोराच्या हातातले कागद थरथरत होते. संपल्यावर टाळ्या, 'छान, छान, लिहीत राहा!' आणि सगळे बटाटेवड्यांकडे. एक ज्येष्ठ तेवढे थांबले. म्हणाले, "आधी विज्ञान शिका, मग कथा लिहा." झालं. पोराने कागदांची घडी करून खिशात कोंबली.

'छान छान' म्हणून आपण आपली सुटका करून घेतो, दुसरं काही नाही.

बी.एस्सी.ला असताना मी एक कथा आमच्या फिजिक्सच्या सरांना नेऊन दिली होती. यंत्रमानव, प्रेमभंग, सगळा मसाला. आठवड्याने वही परत आली. लाल शाई कुठेच नाही. चौथ्या पानाच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात, 'इथे चहा निवला.' आणि सातव्यावर, 'इथे उठून गरम करून आणला.' बास! चौथ्या पानाला मी हात लावला नाही, सातवं चार वेळा लिहिलं.

ज्येष्ठांचं विज्ञान बरोबर होतं, मान्य. मंगळावरचा संदेश पृथ्वीवर पोचायला अंतराप्रमाणे साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात, तिथे कसलं हॅलो-हॅलो! पण अहो, मग तेच सांगा ना त्याला. आई विचारणार "जेवलास का?" आणि त्याचं "हो" येईस्तोवर इकडे दूध उतू जाऊन ओटासुद्धा पुसून झालेला. शिवाय मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा. म्हणजे आईचे सात त्याच्या घड्याळात रोज सरकणार, कधी ऐन झोपेत, कधी कामाच्या मध्यात. अख्ख्या गोष्टीतली सोन्यासारखी जागा ही, आणि तिच्यावरूनच पोराला पाठ्यपुस्तकाकडे पिटाळलं! सरांनी माझ्या यंत्रमानवाची बॅटरी किती व्होल्टची म्हणून विचारलं असतं, तर मी वही पुन्हा उघडली नसती.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. पहिलं बक्षीस मिळालं. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञालासुद्धा वाटलं, की नाव बाजूला ठेवून कुणीतरी नुसती गोष्ट वाचावी.

मीही धुतल्या तांदळाची नाही म्हणा. गेल्या दिवाळीत मैत्रिणीची कथा अर्धीच वाचून 'मस्त!' पाठवलं होतं. तिने पुढे काही पाठवलं नाही, मीही विचारलं नाही. आणि आजसुद्धा सगळ्यांसमोर तोंड उघडलं नाहीच. तोंडात वडा होता.

मग जिन्यात गाठलं त्याला. म्हटलं, फोन झाल्यावर आई स्क्रीन पदराने पुसते ना, तिथे माझा वडा निवला. तो गोंधळून बघत राहिला. मग सरांची वही सांगितली, मिनिटांचं सांगितलं. नुसता "हं हं" करून गेला. वाटलं, आपणही शहाणपणाच शिकवला.

हे लिहिता लिहिता मेसेज आलाय त्याचा. 'काकू, जायला बारा मिनिटं, यायला बारा धरली. तोवर आई फोनपाशीच बसते की स्वयंपाकाला लागते?'

म्हटलं, मला काय विचारतोस, तिला विचार.